मातीची तार

“माय, तिले सांगजो, त्या खड्ड्यातल्या मातीले रोज एक घागर पानी पाजत जाय म्हणा. माती तहानेली राह्यली तं करंट मानसाले पिते.”

अकरा वर्षं झाली, तरी हा आवाज भागीरथेच्या कानातून गेला नव्हता. आवाज तिच्या भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा, सूर्यभानजींचा. ते अंगणात उभे राहून आपल्या आईशी बोलत होते आणि भागीरथा दाराआड, डोईवरचा पदर हनुवटीपर्यंत ओढून ऐकत होती. सांगायचं होतं तिलाच. पण भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही, तिनं त्यांच्यापुढं तोंड उघडायचं नाही, ही वऱ्हाडातली जुनी रीत. छप्पनच्या दसऱ्याला सारं घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं. देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. भासऱ्यापुढचा पदर तेवढा राहून गेला. तोही सोडायचा असतो हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तो खड्डा गाडीसाठी खणलेला, आणि गाडी होती बुधाजीची, तिच्या नवऱ्याची. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली रुग्णगाडी. पत्र्याचं मोठं खोकं, चार चाकं, मागं दोन कवाडं. बुधाजी गळ्याचा गोड. दीक्षा घेतल्यापासून त्याला एकच ध्यास लागला होता, गावोगाव जाऊन नव्या धम्माची गाणी म्हणायची. आज भातकुली, उद्या चांदूर बाजार. पण गावात उतरायला ओसरी कोण देणार? काही गावांत तर पाणीसुद्धा वरून ओंजळीत पडे. म्हणून त्यानं घरच बरोबर घ्यायचं ठरवलं. सूर्यभानजी अमरावतीच्या एका कापसाच्या जिनात मिस्त्री होते. त्यांनी इंजिन चालतं केलं, आत दोन फळ्या झोपायला ठोकल्या, चूल मांडायला पत्रा बसवला. समोरच्या भिंतीवर बुधाजीनं बुद्धाची तसबीर टांगली आणि त्या दिवसापासून तो पायताण खाली काढून, पाय धुऊनच गाडीत चढायला लागला. माय, म्हणजे त्यांची आई दुर्गाबाई, हसायची. “गाडीत चढाले पाय धुते गा हा! मोटारस्टँडवर असं करशीन तं गाडी निंघून जाईन तुही!”

“माय, हे गाडी नोय,” बुधाजी म्हणायचा, “हे घर हाय.” आणि ढोलकीवर बोटं नाचवत म्हणायचा,

चाकावरलं घर माहं, वाऱ्यावरला गाव,
थांबीन जथी गाडी, बाई, तथी माहं नाव.

गाडी घरी असली की अंगणात लिंबाखाली उभी राही. उन्हाळ्यात कवेलूच्या छपराखाली जीव शिजून निघे, म्हणून गाडीत एक दिवा आणि एक टेबलपंखा हवा असं ठरलं. सूर्यभानजींनी घरातल्या बोर्डावरून दोन तारा काढल्या, लिंबाच्या फांदीवरून नेल्या आणि गाडीच्या पत्र्याला खिळ्यानं भोक पाडून आत घेतल्या. तिसरी तार उघडी, तांब्याची. ती गाडीच्या सांगाड्याला बांधून जमिनीत उतरवली. तिच्यासाठी कमरेइतका खड्डा खणला, त्यात कोळसा, जाडं मीठ आणि मधोमध लोखंडी नळी. रबरी चाकांवर उभी गाडी म्हणजे जमिनीपासून तुटलेली. आतली तार कुठं सोलून पत्र्याला लागली, तर वीज त्या पत्र्यात दबा धरून बसते आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत उतरते. ही तिसरी तार असली की वीज तिच्यावाटे मातीत जाते, फ्यूज उडते, माणूस वाचतो. मातीची तार, असं नाव होतं तिचं त्या घरात.

पण वऱ्हाडची काळी माती वैशाखात उलते. मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि नळीची न् मातीची सोयरीक तुटते. म्हणून रोजची घागर.

पहिल्या आठवड्यात फ्यूज सारखी उडायची. कुणी गाडीत चढलं, कवाड आपटलं, की घरात अंधार. “तुह्या करंटाले नजर लागली, सूर्यभान,” माय म्हणायची. मग एका सकाळी ते थांबलं. “झालं बरोबर,” भासरे म्हणाले. काय केलं, ते कुणी विचारलं नाही. पंखा फिरत होता, तेवढं पुरे होतं.

अठ्ठावन्न सालचा वैशाख. बुद्धजयंतीला चार दिवस होते. बुधाजी कार्यक्रम ठरवायला मोटारीनं चांदूर बाजारला गेला होता, दुपारी परतायचा होता. वस्तीच्या टोकाला एकच नळ, आणि तीन दिवसांपासून त्याची धार करंगळीएवढी झाली होती. घरात पाच माणसं. तीन दिवस भागीरथेनं खड्ड्यात पाणी टाकलं नव्हतं. पाणी पिणाऱ्याला द्यावं की मातीला, असा प्रश्न पडला तर बाईमाणूस मातीला थांब म्हणतं.

त्या दुपारी तिच्याजवळ एक घागर उरली होती. खड्ड्यापाशी ती गेलीही. मग तिनं मान वर करून उन्हाकडं पाहिलं. असल्या उन्हातून तो येणार. गाडीच्या मागच्या बाजूला वाळ्याचा ताटा टांगलेला होता; तो भिजवला की पंख्याचा वारा गार होतो, वाळ्याचा वास सुटतो. तिनं अख्खी घागर ताट्यावर ओतली. पाणी निथळून कवाडाखाली चिखल झाला.

ताटा सारखा करायला तिनं कवाडाच्या मुठीला हात लावला, आणि मनगटापासून कोपरापर्यंत मुंग्यांची रांग सरसर चढली.

पायात टायरच्या वाहणा होत्या, म्हणून तेवढ्यावर भागलं. तिनं हात मागं घेतला. तिला कळलं. माती तहानली होती.

भासरे ओट्यावर बसून तंबाखू चोळत होते. बोर्ड त्यांच्या डोक्याच्या वर, भिंतीवर. त्याच्यावरचं काळं बटण, पाडलं की गाडीची वीज बंद करणारं, तिला इथून दिसत होतं. ‘बटन पाडा.’ दोन शब्द. नाहीतर चार पावलं चालून भासऱ्यांच्या डोक्यावरून हात न्यायचा. ज्याची सावली ओलांडायची नाही, त्याच्या डोक्यावरून. माय शेजारी पापड लाटायला गेली होती. आठ वर्षांची सुंदी, तिची लेक, आतल्या खोलीत झोपली होती. बोलायला मधे कुणीच नव्हतं. तिनं ओठ उघडले. पदर पुढं होता, म्हणून ते कुणाला दिसलं नाही. मग तिनं ते मिटले, रिकामी घागर कमरेवर घेतली आणि नळाकडं निघाली. पाणी आणते, खड्ड्यात टाकते, की झालं.

नळावर बायांची रांग. “काय वं भागीरथा,” एकजण म्हणाली, “मातीले पाजाले नेतं का पानी? अथी मानसाईले पुरून नाई राह्यलं, अन् हिची माती जावयावानी रुसते!” साऱ्या हसल्या. भागीरथाही हसली. ‘मले पुढं जाऊ द्या वं’ म्हणायचं होतं, पण त्या हसण्यावर कसं म्हणणार? ती रांगेत उभी राहिली. धार करंगळीएवढी. घागर भरायला किती वेळ लागतो ते तिनं त्या दिवशी शिकून घेतलं.

ती परतली तेव्हा वळणावरच मायची किंकाळी ऐकू आली.

बुधाजी आला होता. मायनं त्याच्या हातात पाण्याचा गडू दिला होता. त्यानं पायताण काढलं, गाडीच्या कवाडाशीच पाय धुतले, एका हातानं ढोलकी छातीशी धरली आणि दुसऱ्या हातानं मूठ. सूर्यभानजींनी उठून बटण पाडलं. उठायला आणि बोट हलवायला लागतो तेवढाच वेळ. तेवढाच उशीर झाला. ढोलकी घरंगळत लिंबाच्या बुंध्याशी जाऊन थांबली होती.

पोलीस आले, खड्डा पाहिला. त्यात हात घालून शिपाई म्हणाला, “कोरडा ठक हाय.” मायनं सुनेकडं पाहिलं. “पानी टाकलं होतं का वं आज?” भागीरथेनं मान हलवली. नाही. साऱ्या अंगणानं ती मान पाहिली. सूर्यभानजी जमिनीकडं बघत होते.

झिणझिण्यांचं ती कुणाला बोलली नाही. पाणी टाकलं नाही, हे तिचं चुकणं सगळ्यांनी पाहिलं होतं. ते दुसरं फक्त तिचं होतं.

गाडीची वीज त्याच दिवशी तोडली. इंजिन विकलं. खोकं लिंबाखाली राहिलं. माय आणखी सहा वर्षं जगली. भाकरी वाढली की म्हणायची, “एक घागर वं! एका घागरीपायी माहा लेक गेला.” ताट सरकवताना म्हणायची, दिवा लावताना म्हणायची. ओट्यावर सूर्यभानजी ऐकत बसायचे. त्यांची बायको फार आधीच गेली होती. या घरात त्यांचंही दुसरं कुणी नव्हतं. वस्तीतल्या बायांनी तर दळताना ओवीच बांधली.

काळी ही माती, बाई, उन्हानं उललेली,
एका घागरीची गोठ साऱ्यांनी बोललेली.

ओवी कुणाची, ते भागीरथेनं कधी विचारलं नाही. एकदा तिनंच ती जात्यावर म्हटली, आणि पीठ जाडं आलं.

पाणी मात्र ती टाकत राहिली. रोज, पावसाळ्यातसुद्धा. खड्ड्याला आता कसलं कामच नव्हतं. तांब्याची तार तशीच मातीत शिरलेली दिसायची आणि ती तिच्या बुडाशी घागर ओतायची. त्या ओलीत कुठूनशी अंबाडी उगवली, दर वर्षी उगवत गेली. शेजारणी भाजीला मागायच्या. ती द्यायची नाही. घरातही करायची नाही. ती पाणी ओतायला लागली की सूर्यभानजी ओट्यावरून उठून आत जायचे. तिला वाटायचं, माझं तोंड बघवत नाही त्यांना.

माय गेली. मग मधे बोलायला सुंदी होती. अडुसष्टात सुंदीचं लग्न झालं, ती अकोल्याला गेली, आणि दोघं भिंतीशी बोलायला लागली. “भाकर झाकून ठेवली हाय म्हणा,” भागीरथा चुलीकडं तोंड करून म्हणायची. “आज उशीर होईन म्हणा,” सूर्यभानजी खुंटीला सांगायचे. वर्षभर घर असं चाललं. भिंतीनं निरोप कधी चुकवला नाही.

एकोणसत्तरच्या चैत्रात जावई आला. खुशाल, तेलाच्या गिरणीतला उंचपुरा, बोलका गडी. अकोल्यात भावाच्या घरात त्याला एकच कोंदट खोली होती. सुंदीला सहावा महिना. “हे खोकं उभंच हाय इथी सडत,” तो म्हणाला. “मी नेतो. भावाच्या अंगणात ठेवतो, घरून दोन तारा ओढतो, दिवा लागला, पंखा लागला, झाली खोली! सुंदी म्हणते, बाबाची गाडी हाय, मी तथीच राहीन.”

भागीरथेच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. नको म्हणायचं तर का, ते सांगावं लागणार होतं. तिनं सूर्यभानजींकडं पाहिलं. मोतीबिंदूनं त्यांचे डोळे दुधासारखे झाले होते. ते खुंटीला म्हणाले, “पत्रा बदला म्हणा आधी. तारा नव्या टाका म्हणा.”

“टाकतो, मोठे मामाजी,” खुशाल आपल्या चुलतसासऱ्यांना म्हणाला.

“अन् खड्डा?” भागीरथा चुलीला म्हणाली.

“खणतो नं! कोळसा, मीठ, सारं. सुंदीले ठाऊक हाय, रोज एक घागर. तुमीच तं शिकवलं तिले.”

ट्रकच्या मागं बांधून गाडी गेली. लिंबाखाली चार चाकांच्या चार खुणा उरल्या, आणि खड्डा. दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथेनं त्यात पाणी ओतलं. रात्री मात्र तिला गाडीची मूठ दिसायला लागली, ते कवाड, आणि त्यावर सुंदीचा हात. पंधरा दिवस गेले. शेवटी ती चुलीला म्हणाली, “पोरीले भेटाले जाव लागते म्हणा.” आणि खुंटीकडून लगेच उत्तर आलं, जसं काही ते तयारच होतं. “मीबी येतो म्हणा.”

बडनेऱ्याला दोघं आगगाडीत बसली. ती खिडकीशी, ते पलीकडच्या बाकावर. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं. दोघांनीही आणलेल्या भाकरीची फडकी सोडली नाहीत.

अकोल्याचं अंगण तापलेलं. गाडी उंबराखाली उभी होती, निळा रंग मारलेला. पत्रा जुनाच होता आणि त्या भोकातून आत गेलेल्या ताराही जुन्याच. खुशालनं रंग नवा आणला होता. सूर्यभानजींना त्यानं घराच्या उंबऱ्यावर बसवलं, भिंतीला टेकून. बोर्ड त्यांच्या खांद्याशी होता. सुंदी घागर घेऊन आली, पोट सावरत. “माय, पाहा, रोज टाकतो मी पानी,” म्हणत तिनं खड्ड्यात अर्धी घागर ओतली. उरलेली गाडीच्या कवाडाशी नेली आणि आपल्या पायांवर ओतली. एक पाय, मग दुसरा. बाबांसारखी. आत बुद्धाची तसबीर अजून तिथंच होती.

“मोठे मामाजी, एक विचारू का?” खुशाल पक्कड हातात घेऊन म्हणाला. “फ्यूज टिकतच नाई. कवाड हाललं का उडते. मंग मी डोकं लावलं. आत्ताच ते मातीची तार सोडवून पाह्यली, अन् आयका, पंखा कसा फिरून राह्यला! तेच तार फ्यूज खात होती. काढूनच टाकू का कायमची?”

सूर्यभानजींचं तोंड उघडं राहिलं.

भागीरथेनं सुंदीचे पाय पाहिले. ओले, चिखलात. सुंदीनं पदर खोचला आणि मुठीकडं हात नेला.

“बटन पाडा!”

कुणाचा आवाज, ते आधी कुणाला कळलं नाही. अकरा वर्षं साचलेला होता तो, फाटून आला. “सुंदीचे मोठेबाबा, बटन पाडा! सुंदे, हात मांगं!”

सुंदी दचकून मागं सरली. सूर्यभानजींचा हात भिंतीवर चाचपडला, बोर्डावर आदळला, बटण खाली पडलं. गाडीतला पंखा हळू होत होत थांबला. त्याची पाती दिसायला लागली.

खुशालच्या हातात पक्कड तशीच. सूर्यभानजी उंबरा धरून उठले, गाडीपर्यंत आले, पत्र्यावर हात फिरवत ते भोक शोधलं आणि बोट त्याच्या काठावरून फिरवलं.

“अथी,” ते म्हणाले. “अथी सोलते तार. तव्हाबी अथीच सोलत होती. फ्यूज उडे, ते सांगत होती मले, का बा, पत्र्यात करंट येऊन राह्यला. मी तिचं तोंड बंद केलं. खुशाल, मीबी असंच डोकं लावलं होतं. मातीची तार सोडली न् पंखा लागला.”

ते वळले. डोळ्यांतल्या दुधातून त्यांना भागीरथा दिसत होती की नाही, कोण जाणे. पण ते भिंतीला सांगत नव्हते.

“सुंदीची माय, तव्हा ते तार लागूनच नोती. नळीपासून सोडून मी तिचं टोक नुसतं मातीत खोचून ठेवलं होतं, कोनाले दिसू नये म्हणून. बुद्धजयंती झाली का पाहू म्हणलं. तू नदी आणून ओतली असती त्या खड्ड्यात, तरी काई झालं नसतं. माय सहा वर्सं बोलली तुले अन् मी आयकत राह्यलो. तू अकरा वर्सं पानी ओतत राह्यली, मी उठून आत जात राह्यलो. बुधा माह्या हातानं गेला. तुह्या घागरीनं नाई.”

सुंदी रडायला लागली. खुशालनं पक्कड खाली ठेवली, लांब, जणू तापलेली होती.

भागीरथेचा पदर ओरडताना डोईवरून घसरला होता. तिनं तो वर घेतला नाही. भासऱ्यांचं तोंड इतक्या जवळून ती पहिल्यांदाच बघत होती. हनुवटीखाली बुधाजीसारखाच एक तीळ होता. म्हातारा उभा होता, ती काहीतरी म्हणेल म्हणून. शिवी, नाहीतर ‘असू द्या’.

“मले झिणझिण्या आल्या होत्या,” ती म्हणाली. “त्या दुपारी, तो येयाच्या आधी. मुठीले हात लावला तव्हा. मले समजलं होतं. तुमी ओट्यावर बसून होते, बटन तुमच्या डोक्यावर होतं. अन् मी बोलली नाई.”